दूतीने आणलेली बातमी : ‘क्लोई’

नवऱ्याचे बाहेर काही चालले असावे, अशी शंका आलेली एक सुशिक्षित, सुखवस्तू बाई त्याची परीक्षा पाहण्यासाठी एका देखण्या तरुणीला पैसे देऊन त्याच्याकडे पाठवते आणि ती तरुणी दर वेळी परत येऊन काय काय घडले ते तिला सविस्तर सांगते, एवढ्या एका वाक्यात ‘क्लोई’ या चित्रपटाची कथा सांगता येते. अ‍ॅटम इगोयान या कॅनडातील दिग्दर्शकाचा हा २००९ सालचा इंग्रजी चित्रपट कामुक थरारपट म्हणून ओळखला जातो आणि त्या नावाखाली प्रेक्षकाला जे अपेक्षित असते ते बहुतेक सगळे त्यात आहे. उंची हॉटेले आहेत, मंद दिवे आहेत, उघडी शरीरे आहेत आणि शेवटी एक मृत्यूही आहे. असे असूनही चित्रपट संपल्यावर माझ्याजवळ जे उरले त्यात पाहिलेले थोडे होते आणि ऐकलेलेच अधिक होते.

आम्ही तो परभणीत पाहिला. निवृत्त प्राध्यापक असलेल्या आमच्या सरांच्या माडीवर महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जण जमतो, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रपट पाहतो आणि नंतर चहाबरोबर भांडतो. मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि ऊन असे चढले होते की रात्री नऊलाही भिंती तापलेल्याच होत्या. सुरुवातीला कूलर सुरू होता, पण पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले की त्याच्या घरघरीत या चित्रपटाचा जीवच हरवतो आहे, कारण यातील पात्रे महत्त्वाचे असे जे काही बोलतात ते अगदी खालच्या आवाजात बोलतात. शेवटी कूलर बंद करून, घाम पुसत, आम्ही उरलेला चित्रपट ऐकला. दुसरी अडचण भाषेची होती. सरांच्या थोरल्या वहिनींना इंग्रजी समजत नाही, मराठी उपशीर्षके असण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्यांना खाली एकटे बसणे मंजूर नव्हते. म्हणून आमच्यातल्या डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक संवाद हळू आवाजात मराठीत सांगत होत्या. चित्रपट जसजसा धीट होत गेला तसतशी ही कुजबूज तोकडी होत गेली. ‘काय म्हणाली ती?’ असे वहिनींनी विचारले की ‘काही नाही, गप्प आहेत,’ असे उत्तर येई आणि अंधारात कोणीतरी खोकत असे. चित्रपटाचा विषयच असा होता की ही सगळी व्यवस्था नंतर मला त्याचाच एक भाग वाटू लागली, पण त्याकडे पुढे येतो.

कथेची सुरुवात अगदी घरगुती आहे. कॅथरीन ही टोरांटो शहरातील यशस्वी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि तिचा नवरा डेव्हिड विद्यापीठात संगीत शिकवतो. त्यांना मायकेल नावाचा एक वयात आलेला मुलगा आहे, जो आईशी कामापुरतेही बोलत नाही. डेव्हिडच्या वाढदिवसासाठी कॅथरीनने घरी गुपचूप मेजवानी ठेवली आहे, पाहुणे हातात पेले घेऊन ताटकळत आहेत आणि न्यूयॉर्कहून यायचे त्याचे विमान चुकल्याचा फोन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाइलवर एका विद्यार्थिनीने पाठवलेला छायाचित्रासह आभाराचा संदेश तिच्या नजरेस पडतो. एवढेच. यापेक्षा मोठा पुरावा तिला कधीच मिळत नाही आणि शंकेला तो पुरेसा होतो. इगोयान इथे फार घाई करत नाही, हे त्याचे मोठेपण आहे. वीस-एकवीस वर्षांच्या संसारात दोन माणसे एकमेकांना न दुखावता एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे त्याने जेवणाच्या टेबलावर, जिन्यावर, दात घासताना अशा बिनमहत्त्वाच्या जागी दाखवले आहे. ज्युलियान मूर या अभिनेत्रीने कॅथरीनच्या चेहऱ्यावर राग फार क्वचित आणला आहे. तिथे प्रामुख्याने एक ओशाळेपण आहे, जणू नवऱ्यावर संशय घ्यावा लागणे ही आपलीच काहीतरी चूक आहे.

कॅथरीनचा व्यवसाय कथेत केवळ शोभेला आलेला नाही. सुरुवातीच्या एका प्रसंगात ती एका तरुण रुग्ण मुलीला समजावते की शरीरसुखाचा परमोच्च क्षण म्हणजे स्नायूंचे आकुंचन, त्यात गूढ किंवा जादू असे काही नसते. आमच्या डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या की या एका प्रसंगात पूर्ण बाई कळते, कारण आपल्या कामात ही वाक्ये रोज बोलावी लागतात आणि ती बोलताना आपण टेबलाच्या अलीकडे सुरक्षित असतो. शरीराविषयी इतके कोरडे आणि अचूक बोलणाऱ्या या बाईला पुढे एक विशीतली मुलगी केवळ शब्दांनी पार हलवून सोडते, आणि ही चित्रपटाची खरी चाल आहे.

ती मुलगी म्हणजे क्लोई. चित्रपट तिच्याच निवेदनाने उघडतो. आपल्या व्यवसायात शरीर तर लागतेच, पण कोणत्या माणसाला कोणता शब्द कधी ऐकायचा असतो हे कळणे अधिक लागते, अशा अर्थाचे काही ती कपडे चढवत असताना आपल्याशीच बोलावे तसे बोलते. बहुतेक प्रेक्षक या वेळी पाहण्यात गुंतलेले असतात आणि तिने काय सांगितले ते विसरून जातात. दिग्दर्शकाने सगळे रहस्य पहिल्या दोन मिनिटांत आपल्या कानात घातलेले असते आणि आपले डोळे दुसरीकडे असतात. कॅथरीन आपल्या दवाखान्याच्या खिडकीतून या मुलीला रस्त्यावर ये-जा करताना पाहत असते. पुढे एका उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात दोघींची गाठ पडते, क्लोई केसांत खोवायचा एक नक्षीदार आकडा तिच्यापुढे धरते आणि तिथून व्यवहार ठरतो. नवऱ्याला भेटायचे, त्याला मोह घालायचा आणि तो काय करतो ते येऊन सांगायचे, बस्स.

आता पुढचे काही परिच्छेद चित्रपटाचे रहस्य उघड करणारे आहेत. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबून आधी तो पाहावा. ९६ मिनिटांचा आहे, फार वेळ घेत नाही.

पहिल्या भेटीचा वृत्तांत साधा आहे. मग चुंबनाचा वृत्तांत येतो, मग टोरांटोतील अ‍ॅलन गार्डन्स या जुन्या काचेच्या वनस्पतीगृहातला आणि मग हॉटेलच्या खोलीतला. दर वेळी कॅथरीन ऐकते, थिजते, रडते, पैसे देते आणि आणखी ऐकायला येते. क्लोईचे सांगणे आधी माहितीसारखे असते, पुढे त्यात तपशील वाढतात, त्वचेचा स्पर्श येतो, हवेतला दमटपणा येतो. पडद्यावर आपल्याला ती दृश्ये दिसतातही, आणि चित्रपटात दिसले म्हणजे घडले असे धरून चालायची आपली सवय आहे, त्यामुळे आपणही कॅथरीनबरोबर फसतो. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाची बातमी ऐकता ऐकता या बाईच्या मनात मत्सराच्या जोडीला दुसरेच काही जागे होते. ज्या नवऱ्याशी तिचे शरीर कित्येक दिवस बोललेले नाही, तो नवरा तिला या मुलीच्या तोंडून पुन्हा भेटतो. हळूहळू बातमी कोणाविषयी आहे याला महत्त्व राहत नाही आणि बातमी आणणारीच महत्त्वाची होते. दोघी एका रात्री एकत्र येतात तो प्रसंग म्हणूनच धक्कादायक वाटत नाही, तो अटळ वाटतो. त्याचे चित्रण धीट आहे, मात्र कॅमेऱ्याने त्यात मिटक्या मारलेल्या नाहीत.

आमच्या माडीवर रहस्य सगळ्यांत आधी ओळखले ते वहिनींनी. वनस्पतीगृहाचा वृत्तांत डॉक्टरबाईंनी अर्धा गाळून, अर्धा चाचरत सांगितला आणि वहिनी पटकन म्हणाल्या, ‘ही पोरगी थापा मारायली बघा. खरं झालेलं माणूस असं रंगवून सांगत नसतंय.’ आम्ही सगळे हसलो, कारण आम्ही तर ते डोळ्यांनी पाहिले होते. वहिनींचे डोळे अधू आहेत, त्या पडद्याकडे फारशा पाहतच नव्हत्या, फक्त ऐकत होत्या, आणि म्हणून त्यांना जे कळले ते आम्हाला आणखी अर्ध्या तासाने कळले. कॅथरीन शेवटी डेव्हिडला एका कॅफेत बसवून जाब विचारते, त्याच वेळी तिच्याच बोलावण्यावरून क्लोई तिथे येते, आणि डेव्हिड तिला ओळखतच नाही. त्याने तिला कधी जवळ केलेलेच नसते. पैसे घेऊन सांगितलेला एकेक प्रसंग तिच्या मनातला होता. वहिनींनी यावर दुसरे एक वाक्य उच्चारले, जे मला संपूर्ण चित्रपटावरचे सर्वांत नेमके भाष्य वाटते : ‘म्हणजे ही बाई पैसे देऊन स्वतःचे कान भरून घ्यायली होती की!’

आपल्याकडे कान भरणे हे नेहमी दुसऱ्याने केलेले पाप असते. जाऊ सासूचे कान भरते, कारभारी मालकाचे भरतो, भाऊबंद भावाचे भरतात. ऐकणारा बिचारा भोळा, असे आपण समजून चालतो. इगोयानने बोट ठेवले आहे ते ऐकणाऱ्याच्या हौसेवर. क्लोई खोटे बोलते हे खरे, पण तिने पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट ऐकून कॅथरीनने ‘पुरे’ म्हटले असते तर दुसरी गोष्ट जन्मालाच आली नसती. मागणी होती म्हणून पुरवठा झाला. ग्राहकाला काय हवे ते ओळखण्याचे क्लोईचे कसब पुरुषांपुरते मर्यादित नाही, एवढेच काय ते कॅथरीनच्या ध्यानात येत नाही.

मराठी वाचकाला हा सगळा मामला अनोळखी वाटायचे कारण नाही, कारण नायिकेने नायकाकडे दूती पाठवावी आणि दूतीनेच मधल्या मध्ये हात मारावा, ही कल्पना आपल्या मातीत दोन हजार वर्षे रुजलेली आहे. सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह ज्या प्रतिष्ठानाशी जोडला जातो ते आपले गोदाकाठचे पैठण. त्या गाथांमध्ये दूती आहेत, सख्या आहेत, परगावी गेलेले नवरे आहेत आणि घरात राहून सगळे ओळखून असलेल्या बायका आहेत. संस्कृतात अमरू या कवीचा एक श्लोक याच प्रसंगावर आहे, आणि मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त तो ध्वनीचे, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतल्यामुळे काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो चुकत नाही. नायकाला आणायला पाठवलेली दूती परत आली आहे. तिच्या अंगावरचे चंदन पुसले गेले आहे, ओठांचा रंग उतरला आहे, काजळ राहिलेले नाही, अंगावर रोमांच आहेत. नायिका तिला म्हणते की अगं खोटारडे, तू तळ्यावर आंघोळीला गेली होतीस, त्या अधमाकडे गेलीच नाहीस. जे म्हणायचे ते तिने म्हटलेलेच नाही आणि तरी सगळे म्हटले आहे.

‘क्लोई’ पाहताना मला हा श्लोक सतत आठवत होता, कारण तो इथे उलटा झाला आहे. तिथे दूतीचे तोंड नाकारते आणि अंग कबूल करते. इथे दूतीचे तोंड पानभर कबुली देते आणि अंगावर खूण म्हणून काहीच नसते. अमरूची नायिका काजळ पाहते, ओठ पाहते, निष्कर्ष काढते, म्हणजे एका अर्थी ती तपासणी करते. कॅथरीनचा तर व्यवसायच स्त्रीदेह तपासण्याचा आहे, पण समोर बसलेल्या या एका मुलीकडे ती तपासणाऱ्याच्या नजरेने एकदाही पाहत नाही. तिने नुसते नीट पाहिले असते तरी त्या मुलीला डेव्हिडमध्ये काडीचाही रस नाही आणि तिचे सारे लक्ष बोलणे ऐकणाऱ्या बाईवर खिळले आहे, हे तिला दिसले असते. अमांडा सायफ्रेड या अभिनेत्रीने हे लक्ष इतके उघडपणे डोळ्यांत ठेवले आहे की दुसऱ्यांदा पाहताना आपलीच लाज वाटते. चित्रीकरणाच्या वेळी ती अवघी तेवीस वर्षांची होती. शिकाऱ्याचा कावा आणि आईवेगळ्या पोरीचे हपापलेपण ही दोन्ही तिने एकाच नजरेत आणली आहेत, आणि चित्रपट जेवढा म्हणून तोलला जातो तो तिच्यामुळे.

दिग्दर्शकाने या ‘सांगण्या’चा धागा आणखी एका ठिकाणी विणला आहे. डेव्हिड मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या १७८७ सालच्या ऑपेराविषयी विद्यार्थ्यांपुढे बोलतो. त्या ऑपेरात नायकाचा नोकर लेपोरेलो हा फसवल्या गेलेल्या डोना एल्व्हिराला मालकाच्या प्रेमप्रकरणांची यादी गाऊन दाखवतो. इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१ आणि एकट्या स्पेनमध्ये १००३. ही मोजदाद खरी की नोकराने तिखटमीठ लावलेली, हे तपासायला एल्व्हिराकडे काही साधन नसते. तिलाही ते ऐकावेच लागते. घरातली बाई, बाहेरचा पुरुष आणि मध्ये बातमी सांगणारा तिसरा माणूस ही रचना इतकी जुनी आहे, हे चित्रपट असा जाता जाता सुचवून जातो. इगोयानच्या मूळच्या शैलीला हे साजेसे आहे. कैरोत जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या या आर्मेनियन वंशाच्या दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटांतही माणसे एकमेकांना पडद्यातून, काचेतून, दुसऱ्याच्या तोंडून भेटत असतात.

काचेविषयी मात्र त्याने जरा अतिरेक केला आहे. कॅथरीनचे घर काचेचे आहे, दवाखान्याची खिडकी काचेची आहे, वनस्पतीगृह काचेचे आहे, जिकडे तिकडे आरसे आहेत, आणि शेवटी जे फुटते तेही काचच असते. पहिल्या अर्ध्या तासात हे अर्थपूर्ण वाटते, पुढे ते कोणीतरी कोपराने ढोसून दाखवल्यासारखे होते. तरी ते घर माझ्या लक्षात राहिले ते वेगळ्या कारणाने. माझे लहानपण गंगाखेडकडच्या एका माळवदाच्या घरात गेले. त्या घराला जाड मातीच्या भिंती होत्या आणि छताला उजेडापुरता एक झरोका होता. आत काय चालले आहे ते बाहेरच्याला अजिबात दिसत नसे, पण माळवदावर निजलेल्या माणसाला त्या झरोक्यातून खालचे कुजबुजलेले शब्दसुद्धा ऐकू येत. घरातली निम्मी भांडणे अशीच पेटत. कॅथरीनच्या घरात याच्या नेमके उलटे आहे. प्रत्येकजण प्रत्येकाला दिसतो, मुलाच्या खोलीत कोण शिरले तेही आईला जिन्यावरून दिसते, पण कोणाचे कोणाला ऐकू मात्र येत नाही.

डेव्हिडच्या भूमिकेत लियाम नीसन आहे आणि त्याच्यावर थोडा अन्याय झाला आहे, असे मला वाटते. त्याला सतत संदिग्ध राहायचे होते. वाढपिणीशी दोन शब्द जास्त बोलायचे, विद्यार्थिनीकडे पाहून हसायचे, फोन घाईने खाली ठेवायचा, आणि तरीही शेवटी निर्दोष निघायचे. हे काम तो नीट करतो, परंतु पटकथेने त्याला स्वतःचे असे काही दिलेले नाही. अपवाद त्या कॅफेतल्या प्रसंगाचा. तिथे कॅथरीन त्याला सांगते की वय वाढेल तसा तू अधिकच देखणा होत चाललास आणि मी मात्र कोणाला दिसेनाशी झाले. ज्युलियान मूर हे ज्या आवाजात म्हणते, तो ऐकून आमच्या माडीवरच्या दोन बायका एकाच वेळी उसासल्या. समोर नीसनचा चेहरा आहे, ऐकून खचलेला, काहीसा अपराधी, काहीसा चिडलेला. या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असतानाच, मार्च २००९ मध्ये, त्याची पत्नी अभिनेत्री नताशा रिचर्डसन बर्फावर स्कीइंग करताना झालेल्या अपघाताने दगावली. तो चित्रीकरण सोडून गेला आणि थोड्याच दिवसांनी परत येऊन त्याने आपले राहिलेले काम पूर्ण केले. हे माहीत झाल्यावर त्याच्या थकलेल्या नजरेत आपण नसलेलेही वाचू लागतो, आणि तसे वाचणे योग्य नाही हे समजूनही ते टळत नाही.

आता दोषाकडे येतो. रहस्य उलगडते तेव्हा चित्रपटाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते. ज्या नवऱ्याने काही केलेलेच नाही त्याला, आपणच त्याला फसवले आहे, हे कॅथरीन कसे सांगणार? खोट्या गोष्टींतून तिच्यात जागे झालेले खरे काही होते, त्याचे ती काय करणार? पैसे संपल्यावर क्लोईने कुठे जायचे? शेवटची पंधरा-वीस मिनिटे या प्रश्नांना बाजूला सारून चित्रपट अचानक धावू लागतो. झिडकारलेली क्लोई मायकेलला जाळ्यात ओढते, तेही आईवडिलांच्याच शयनगृहात. कॅथरीन घरी येते, झटापट होते, केसांतला तो आकडा हत्यार म्हणून गळ्याशी लागतो, काच फुटते आणि क्लोई वरून खाली कोसळते. हे सगळे सफाईने चित्रित केलेले आहे आणि तरी ते दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटातून आणून जोडल्यासारखे दिसते. संगीतकार मायकेल डॅना याचे एरवी संयमित संगीतही इथे आम्ही घाबरावे म्हणून आग्रह करू लागते.

या प्रकारच्या चित्रपटांना ही खोड जुनीच आहे. १९८७ सालच्या ‘फेटल अट्रॅक्शन’मध्ये मूळ शेवटाप्रमाणे नायकाच्या आयुष्यात आलेली बाहेरची बाई आत्महत्या करणार होती. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही, तेव्हा तो पुन्हा चित्रित केला गेला आणि नव्या शेवटात ती नायकाच्या पत्नीच्या हातून गोळी लागून मेली. घर वाचवायचे तर बाहेरून आलेली बाई मेलीच पाहिजे, हा हिशोब तेव्हापासून पक्का झाला असावा. ‘क्लोई’ हा २००३ सालच्या अ‍ॅन फोंतेन या दिग्दर्शिकेच्या ‘नाताली’ या फ्रेंच चित्रपटावर आधारलेला आहे आणि त्याची नवी पटकथा एरिन क्रेसिडा विल्सन हिने लिहिली आहे. फ्रेंच चित्रपटात फॅनी आर्दां, एमान्युएल बेआर आणि जेरार दपार्दिए अशी मातब्बर माणसे होती. त्यात कोणी मरत नाही, काच फुटत नाही, आणि नवरा काही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन बायका समोरासमोर बसून बोलतात, यावरच तो तोलून धरलेला आहे. इगोयानने कथेला अधिक ऊब दिली, कॅथरीनला अधिक खोल केले, हे मान्य करूनही शेवटापुरते मूळ चित्रपटाचे धैर्य मोठे होते, असेच मी म्हणेन. नवऱ्याला निर्दोष ठरवण्याचा निर्णय मात्र मला इगोयानचा अधिक आवडला. नवरा खरोखर भानगडी करणारा असता तर कॅथरीनच्या शंकेला आयता आधार मिळाला असता. इथे तो आधार काढून घेतल्यावर तिची शंका आणि तिची इच्छा एवढ्या दोनच गोष्टी उघड्यावर उरतात.

चित्रण पॉल सारोसी याचे आहे आणि टोरांटोचा हिवाळा त्याने फार देखणा पकडला आहे. अमेरिकी चित्रपटांत हे शहर पुष्कळदा न्यूयॉर्कचे सोंग घेऊन उभे असते. इथे ते स्वतःच्या नावाने वावरते, आपल्या रस्त्यांसह आणि कॅफेंसह.

कोणी पाहावा याविषयी थोडे सांगणे भाग आहे. हा प्रौढांसाठीचा चित्रपट आहे. त्यातील नग्नता आणि शरीरसंबंधांची दृश्ये स्पष्ट आहेत, त्यामुळे मुले जागी असताना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर तो लावू नये, अर्थात वडीलधारे आमच्या वहिनींसारखे असतील तर गोष्ट वेगळी. निव्वळ चाळवणारे काही हवे असेल त्याचा अपेक्षाभंग होईल, कारण धीट दृश्ये मोजकी आहेत आणि बोलणे भरपूर आहे. खुनाचा तपास, पाठलाग, पोलीस अशा थराराची आवड असणाऱ्यालाही पहिला तास संथ वाटेल. शक्य झाल्यास रात्री शांततेत पाहावा आणि पंखा बारीक ठेवावा.

चहाच्या वेळी भांडण झाले ते शेवटच्या दृश्यावरून. क्लोई गेली आहे, काही काळ लोटला आहे, मायकेलचे शिक्षण पूर्ण झाल्याची मेजवानी त्याच घरात चालली आहे, नवरा-बायको पाहुण्यांत मिसळून हसत आहेत. कॅथरीन वळते आणि तिच्या अंबाड्यात तोच आकडा दिसतो, जो पहिल्या भेटीत क्लोईने तिच्यापुढे धरला होता. सरांच्या मते तो पश्चात्ताप आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की ती आठवण आहे, आणि आठवण जपायला पश्चात्ताप लागत नाही. आमच्यातल्या एका वकिलाने त्यात सरळसरळ विजयचिन्ह पाहिले. मला पुन्हा अमरूची दूती आठवली, जिचे पुसलेले चंदन नायिकेने बघताक्षणी वाचले होते. इथे खूण नायिकेच्याच डोक्यावर आहे, घरभर माणसे आहेत, घराच्या भिंतीही काचेच्या आहेत, आणि ती वाचू शकणारी एकटी बाई आता जिवंत नाही.

वहिनींना आम्ही हे दृश्य समजावून सांगितले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की तो आकडा सोन्याचा होता का. कोणालाच सांगता येईना. मग सरांनी प्रोजेक्टर पुन्हा लावला, शेवटची दोन मिनिटे मागे नेली, आणि त्या रात्री पहिल्यांदाच वहिनी खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ जाऊन बसल्या.